औषधदान आणि अभय : डॉ. रखमाबाई यांचे जीवनकार्य

आपल्या शास्त्रकारांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. खानदेशातील आपल्या समाजाने या चारही दानांची परंपरा यथाशक्ती चालविली. धुळे आणि जळगाव परिसरात पूर्वजांनी बांधलेल्या धर्मशाळा, पाठशाळा, पांजरपोळ आणि दवाखाने हे त्या परंपरेचे साक्षीदार आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने दानशूरांचे स्मरण होते आणि ते व्हावयासच हवे. परंतु दवाखान्याच्या बाबतीत दान देणारा हात एक असतो आणि ते दान रुग्णाच्या उशाशी पोहोचविणारा हात दुसरा असतो. इमारत उभी राहिली, औषधे आली, खाटा मांडल्या, तरी ज्यांच्यासाठी हे सारे केले ते लोक भीतीपोटी उंबरठाच ओलांडत नसतील, तर त्या औषधदानाचे फळ काय? अशा वेळी औषधाच्या आधी अभय द्यावे लागते. ते देणाऱ्या एका थोर स्त्रीचा हा जीवनवृत्तान्त आहे.

डॉ. रखमाबाई या जन्माने जैन नव्हत्या आणि खानदेशच्या रहिवासीही नव्हत्या. त्या मुंबईच्या मराठी घरातील कन्या. परंतु त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची बावीस-तेवीस वर्षे सुरतेत, म्हणजे आपल्या तापीमाईच्या दुसऱ्या टोकाला गेली. जी तापी भुसावळ, जळगाव, अमळनेर या मुलखाला पाणी पाजीत पश्चिमेकडे वाहते, तीच सुरतेला वळसा घालून समुद्राला मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत खानदेशाशी जोडली गेली आणि पूर्वीपासून चालत आलेला व्यापाराचा आणि सोयरिकीचा संबंध अधिकच दृढ झाला. त्यामुळे सुरतेतील स्त्रियांच्या रुग्णालयाची ही कथा आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

बालपण आणि संस्कार

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. जयंतीबाईंचा विवाह चौदाव्या वर्षी झाला, पंधराव्या वर्षी त्या माता झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. त्या वेळी रखमाबाई अवघ्या अडीच वर्षांच्या होत्या. ज्या सुतार समाजात हे कुटुंब मोडत होते, त्यात विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचा दुसरा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला. विवाहापूर्वी त्यांनी पतीकडून आलेली मालमत्ता कन्येच्या नावे करून दिली.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळातील मुंबईतील एक नामांकित डॉक्टर. वनस्पतिशास्त्राचाही त्यांचा गाढा अभ्यास होता आणि १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या निसर्ग इतिहास संस्थेच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते. अशा पित्याच्या घरात रखमाबाई वाढल्या. घरी रुग्णांची ये-जा, औषधी वनस्पतींची चर्चा आणि सुधारक मंडळींचा राबता असे. शाळेत जाऊन शिकण्याची संधी त्यांना फार काळ मिळाली नाही. मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके घरी वाचून त्यांनी आपले शिक्षण चालू ठेवले. सावत्र वडील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्याच्या नेमके उलट या घरात होते. पुढे संकटकाळी हेच वडील त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

न्यायालयाच्या दारात

प्रचलित रूढीप्रमाणे वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाशी झाला. विवाहानंतरही त्या आई-वडिलांच्या घरीच राहिल्या. दादाजींनी शिक्षण पुरे करावे आणि जबाबदार गृहस्थ व्हावे अशी डॉ. सखाराम अर्जुन यांची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. दादाजींचे शिक्षण सुटले, प्रकृतीही ढासळली आणि ते आपल्या मामांच्या आश्रयाने राहू लागले. इकडे रखमाबाईंची बुद्धी आणि विचारशक्ती वाढत होती. ज्या विवाहाला आपण कळत्या वयात संमती दिली नाही, तो आपल्यावर लादला जाऊ नये, असे त्यांचे मत दृढ होत गेले.

१८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात पत्नीचा ताबा मिळावा म्हणून दावा दाखल केला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. असहाय बालवयात विवाह झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सहवासास भाग पाडणे त्यांना न्याय्य वाटले नाही. निकालाविरुद्ध अपील झाले आणि १८८६ साली तो फिरला. फेरसुनावणीअंती मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते.

या खटल्याने सारा देश ढवळून निघाला. रखमाबाईंच्या बाजूने बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक उभे राहिले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासारख्या विद्वान कायदेपंडिताने न्यायालयात त्यांची बाजू मांडली. दुसऱ्या बाजूला लोकमान्य टिळकांनी केसरीतून त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका केली. परकीय सरकारच्या न्यायालयाने आपल्या धर्माचारात हात घालावा काय, हा त्या पक्षाचा प्रश्न होता, आणि तो त्या काळी अनेकांना मोलाचा वाटत होता. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर त्या वादाकडे पाहताना कोणाचीही निंदा करण्याचे प्रयोजन नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, या साऱ्या गदारोळात एक तरुण स्त्री भर चौकात उभी होती आणि तिच्या चारित्र्याची, शिक्षणाची व आईच्या पुनर्विवाहाची चर्चा घरोघर होत होती. रखमाबाईंनी स्वतः १८८५ साली एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि वैधव्य यांविषयी पत्रे लिहिली. त्याच वर्षी डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. आधाराचा वृक्ष उन्मळला, तरीही त्या डगमगल्या नाहीत.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारून आपला दावा सोडला आणि पुढे दुसरा विवाह केला. रखमाबाई कारावासातून वाचल्या. या खटल्याने उठलेल्या चर्चेचा परिणाम म्हणून आणि मलबारींच्या अविरत प्रयत्नांमुळे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले.

विलायतेतील अध्ययन

खटला संपला तेव्हा रखमाबाईंपुढे दोन मार्ग होते. माहेरी राहून लोकांच्या नजरा टाळीत आयुष्य कंठणे हा एक. दुसरा मार्ग त्यांना मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी दाखविला. शेठ पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या दानातून उभे राहिलेले हे रुग्णालय १८८६ साली सुरू झाले होते. स्त्रियांसाठी स्त्रियांनीच चालविलेले ते रुग्णालय होते. वैद्यकीय शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये झगडलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी डॉ. पीची या एक. त्यांनी रखमाबाईंना वैद्यकीय अध्ययनासाठी प्रोत्साहन दिले आणि साहाय्यही मिळवून दिले. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी पाचशे रुपयांची मदत केली. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या ईवा मॅक्लॅरन आणि त्यांचे पती वॉल्टर यांनी त्यांना आधार दिला.

१८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. हे विद्यालय १८७४ साली स्थापन झाले होते आणि तेथील विद्यार्थिनींना रुग्णांजवळचे शिक्षण रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मिळत असे. ज्यांचे शालेय शिक्षण मुख्यतः घरीच झाले, त्यांनी वयाच्या पंचविशीत परक्या देशात, परक्या भाषेत शरीरशास्त्र, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र यांचे अध्ययन करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. पाच वर्षांच्या परिश्रमांनंतर १८९४ साली स्कॉटलंडमधील वैद्यकीय महाविद्यालयांची पदविका आणि ब्रुसेल्स विद्यापीठाची एम.डी. ही पदवी संपादन करून त्या स्वदेशी परतल्या.

येथे आनंदीबाई जोशी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. त्या १८८६ साली अमेरिकेतून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागाची धुरा त्यांच्याकडे सोपविण्यात आली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी क्षयाने त्यांचे निधन झाले आणि तो विभाग त्यांच्या हाती कधी आलाच नाही. महाराष्ट्राच्या कन्येने डॉक्टर होऊन रुग्णालय चालवावे, हे जे स्वप्न आनंदीबाईंबरोबर अपुरे राहिले, ते पुढे रखमाबाईंच्या हातून पूर्ण झाले.

तापीकाठचे रुग्णालय

मुंबईस परतल्यावर थोडा काळ कामा हॉस्पिटलमध्ये काम करून १८९५ साली रखमाबाई सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी झाल्या. शेठ मोरारभाई व्रजभूषणदास माळवी यांच्या नावाने हे रुग्णालय ओळखले जाई. वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आतच एका संपूर्ण रुग्णालयाचा भार त्यांच्या शिरावर आला.

त्या काळी अशा रुग्णालयाचे प्रमुखपद म्हणजे काय, हे आज आपल्याला सहज कळणार नाही. आजच्या मोठ्या रुग्णालयात प्रशासन पाहणारा मुख्याधिकारी वेगळा, हिशेब पाहणारा वेगळा, शस्त्रक्रिया करणारा वेगळा आणि परिचारिकांवर देखरेख करणारा वेगळा असतो. त्या काळच्या जनाना रुग्णालयात या साऱ्या भूमिका बहुधा एकाच स्त्री-डॉक्टरला वठवाव्या लागत. सकाळी बाह्यरुग्ण तपासायचे, दुपारी प्रसूती वा शस्त्रक्रिया, सायंकाळी औषधभांडाराचा आणि स्वयंपाकघराचा हिशेब, रात्री अडलेल्या बाळंतिणीचे बोलावणे. शिवाय सरकारी अधिकारी, नगरपालिका आणि देणगीदार या तिघांनाही सांभाळावे लागे. त्यातही प्रमुख स्त्री असल्यामुळे प्रत्येक चूक तिच्या एकटीची न ठरता साऱ्या स्त्री-डॉक्टरांची ठरत असे.

तथापि खरी अडचण याहून वेगळी होती. रुग्णालय होते, डॉक्टर स्त्री होती, औषध होते, पण प्रसूतीसाठी स्त्रिया येत नव्हत्या. त्या काळी बाळंतपण घरातील अंधाऱ्या, कोंदट खोलीत होई. दारे-खिडक्या बंद, शेगडीचा धूर, जुनीपानी वस्त्रे आणि हात न धुतलेली सुईण. बाळंतरोगाने आणि धनुर्वाताने माता व अर्भके दगावत, आणि ते नशिबाचे फळ मानले जाई. खानदेशातही तीच रीत होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून अशा किती हकिगती आपण ऐकल्या असतील. अशा वेळी घराबाहेर, जिथे नाना जातींची माणसे येतात, जिथले पाणी-अन्न कोणाच्या हातचे हे ठाऊक नाही, जिथे लोक मरतात, अशा ठिकाणी लेकी-सुनांना बाळंतपणासाठी पाठवायचे, ही कल्पनाच घरच्यांना असह्य वाटे. ती भीती केवळ अज्ञानातून आलेली नव्हती. तिच्यात सोवळे-ओवळे होते, पडदा होता, लोकलज्जा होती आणि लेकीच्या जिवाची खरी काळजीही होती.

रखमाबाईंनी या भीतीचा उपहास केला नाही. त्यांच्याविषयी एक हकिगत आवर्जून सांगितली जाते. बाळंतपणासाठी स्त्रिया येईनात, तेव्हा त्यांनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणविली आणि तिचे बाळंतपण स्वतः केले. शेळी आणि पिलू सुखरूप असल्याचे आजूबाजूच्या बायाबापड्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. विलायतेतून एम.डी. होऊन आलेल्या, रुग्णालयाच्या प्रमुखपदी असलेल्या विदुषीने शेळीच्या बाळंतपणाला बसण्यात कमीपणा मानला नाही. ज्यांच्या घरी पांजरपोळाची परंपरा आहे, त्या आपल्या वाचकांना या हकिगतीतील जीवदयेचा धागा वेगळा दाखवावा लागणार नाही. परंतु त्यातील व्यवहारज्ञानही तितकेच मोलाचे आहे. भ्यालेल्या माणसाला व्याख्यान देऊन अभय मिळत नाही. ते डोळ्यांसमोर घडलेल्या कृतीतून मिळते.

हळूहळू विश्वास वाढला. एक बाळंतीण सुखरूप घरी गेली की तिच्या शेजारणीला धीर येई. एक सासू राजी झाली की गल्लीतील दुसरी सासू विचार करू लागे. रुग्णालयाची कीर्ती जाहिरातीने पसरत नाही, ती बऱ्या होऊन घरी परतलेल्या रुग्णांच्या पावलांनी पसरते. या कामास वर्षे लागतात आणि म्हणूनच रुग्णालयाच्या प्रमुखाने एका जागी टिकून राहणे आवश्यक असते. रखमाबाई टिकून राहिल्या. एक वर्ष, दोन वर्षे असे करता करता दोन दशके उलटली.

प्लेग आणि दुष्काळ

त्या सुरतेत स्थिरावतात न स्थिरावतात तोच १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. लवकरच ही साथ गुजरात, खानदेश, पुणे अशी सर्वत्र पसरली. रुग्णालय या शब्दाचीच लोकांना धास्ती बसली, कारण प्लेगच्या तपासणीसाठी घरात शिरणारी पथके, सक्तीने हलविलेले रुग्ण आणि ताटातूट झालेली कुटुंबे यांच्या वार्ता गावोगाव पोहोचत होत्या. १८९७ साली डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, तरी लोकांच्या मनातील संशय जाण्यास बराच काळ लागला. साथीला घाबरून अनेक शहरांतून लोक बाहेर पडत होते, त्या वर्षांत स्त्रियांचे रुग्णालय चालविणे हे किती धैर्याचे काम असेल याची कल्पना करावी.

पाठोपाठ १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ मध्ये पडलेला म्हणून गुजराती-मारवाडी घरांत आजही तो छप्पनचा दुष्काळ या नावाने ओळखला जातो. गुजरात आणि खानदेश दोन्ही त्यात होरपळले. दुष्काळात सर्वांत आधी स्त्रीचे ताट रिकामे होते आणि सर्वांत शेवटी तिच्या आजाराकडे लक्ष जाते, हा सार्वकालिक अनुभव आहे. उपाशी मातेचे बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला औषधाआधी अन्नाचा विचार करावा लागतो. आहारदान आणि औषधदान एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, हे दुष्काळातील रुग्णालयाइतके दुसरीकडे कोठे कळणार?

पांढरे लुगडे

१९०४ साली दादाजी भिकाजी यांचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे परिधान करण्यास प्रारंभ केला.

ही घटना वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. ज्या पतीकडे नांदावयास जाण्यापेक्षा कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली, ज्याने दोन हजार रुपये घेऊन संबंध सोडला आणि दुसरा संसार थाटला, त्याच्या निधनानंतर हे वैधव्य कशासाठी? अभ्यासकांनी याचे निरनिराळे अर्थ लावले आहेत. कोणी यात परंपरेपुढील माघार पाहिली, तर कोणी संस्कारांची पकड पाहिली. त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. ज्या स्त्रियांच्या अंगणातून त्यांना रुग्णालयाकडे वाट काढायची होती, त्यांच्यामध्ये असंख्य विधवा होत्या, त्यांपैकी कित्येक बालविधवा. त्यांच्या दृष्टीने पांढरे लुगडे नेसलेली डॉक्टरीणबाई ही विलायती मडम राहिली नाही, ती आपल्यातली झाली असावी. जिच्या नावाने एके काळी देशभर वादळ उठले, तिने लोकांच्या मनातील उरलेसुरले अंतरही अशा रीतीने मिटविले. त्यात त्याग किती आणि संस्कार किती याचे मोजमाप करणे अवघड आहे. पुनर्विवाहाची मुभा असलेल्या समाजात जन्म घेऊनही त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही, एवढे मात्र खरे.

राजकोट : पद आणि प्रतिष्ठा

सुमारे बावीस-तेवीस वर्षांच्या सेवेनंतर रखमाबाईंनी सुरत सोडली. त्या सुमारास देशातील स्त्री-डॉक्टरांसाठी अखिल भारतीय स्वरूपाची वैद्यकीय सेवा सुरू झालेली होती. १९१८ साली रखमाबाईंना तीत येण्याचे निमंत्रण मिळाले. अधिक वेतन, अधिक मान आणि सरकारी पदाची सुरक्षितता असे हे निमंत्रण होते. त्यांनी ते नम्रपणे नाकारले आणि काठेवाडातील राजकोट येथील जनाना हॉस्पिटलच्या प्रमुखपदाची जबाबदारी स्वीकारली.

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी नव्या गावात, संस्थानी मुलखात पुन्हा पहिल्यापासून विश्वास मिळवायचा होता. काठेवाडात पडद्याची रूढी कडक होती. स्त्रियांच्या आरोग्याची हेळसांड सुरतेहून कमी नव्हती. तेथेही त्यांनी दशकाहून अधिक काळ काम केले. राजकोटमध्ये रेडक्रॉस संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. एकटे रुग्णालय सर्वांना पुरे पडू शकत नाही, समाजालाही सेवेच्या कार्यात सहभागी करून घ्यावे लागते, ही दृष्टी त्यातून दिसते. १९२९-३० च्या सुमारास, वयाची पासष्टी गाठल्यावर त्या निवृत्त झाल्या. सुरत आणि राजकोट मिळून सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांचे प्रमुखपद भूषविले.

अखेरचे पर्व

निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या. लेखणी त्यांनी खाली ठेवली नव्हती. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखात त्यांनी पडद्याच्या प्रथेवर प्रखर टीका करून ती नष्ट करण्याची आवश्यकता प्रतिपादन केली. तरुणपणी पत्रांतून मांडलेला स्त्रीदुःखाचा विषय वार्धक्यात त्यांनी पुन्हा हाती घेतला. मधल्या पस्तीस वर्षांत बंद खोल्यांतील स्त्रियांची दुखणी त्यांनी स्वतःच्या हातांनी तपासली होती. त्यामुळे आता त्यांच्या शब्दांना अनुभवाचे वजन आले होते. सूर्यप्रकाश आणि मोकळी हवा यांना वंचित झालेल्या स्त्रीचे शरीर कसे खंगते, हे त्यांच्याइतके जवळून पाहणारे थोडेच होते.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्या वर्षी हिंदू विवाह कायदाही संमत झाला आणि विवाहितेला कायद्याने विभक्त होण्याचा हक्क मिळाला. ज्या प्रश्नासाठी त्यांनी तरुणपणी कारावास भोगण्याची तयारी केली होती, त्याचे असे उत्तर मिळालेले त्यांनी आपल्या हयातीतच पाहिले.

काळाच्या ओघात त्यांची स्मृती काहीशी झाकोळली गेली. लोकांना खटला आठवत राहिला, रुग्णालय विसरले गेले. अलीकडच्या काळात संशोधक आणि चरित्रकारांनी त्यांचे जीवन पुन्हा प्रकाशात आणले आहे. २०१६ साली त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला आणि २०१७ साली त्यांच्या जन्मदिनी गुगलनेही आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले.

आपल्यासाठी बोध

रखमाबाईंच्या आयुष्याचे दोन भाग पडतात. पहिला भाग चार वर्षांच्या खटल्याचा आणि दुसरा पस्तीस वर्षांच्या सेवेचा. पहिल्या भागाने त्यांना प्रसिद्धी दिली, परंतु त्यांच्या जीवनाची खरी मिळकत दुसऱ्या भागात आहे. स्वतःवर अन्याय झाला म्हणून त्यांनी आयुष्यभर कडवटपणा उराशी बाळगला नाही. न्यायालयात जे अभय स्वतःसाठी मागितले आणि मिळाले नाही, तेच त्या पुढे हजारो मायबहिणींना देत राहिल्या.

आपल्या समाजातील ट्रस्ट दवाखाने बांधतात, शिबिरे घेतात, रुग्णवाहिका देतात. हे सारे पुण्यकार्यच आहे. त्याबरोबर एक प्रश्न प्रत्येक विश्वस्ताने आणि कार्यकर्त्याने स्वतःस विचारावा : आपल्या दवाखान्याच्या पायरीवर येताना सर्वांत गरीब, सर्वांत भ्यालेल्या माणसाला काय वाटते? तो आत येतो, की दारातून परत फिरतो? आत आल्यावर त्याच्याशी कोण बोलते, कसे बोलते? देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरता येते. रुग्णाचा विश्वास मात्र कोरून मिळत नाही, तो रोज नव्याने मिळवावा लागतो. सुरतेच्या शेठजींचे दान आणि रखमाबाईंची सेवा एकत्र आली, म्हणून ते रुग्णालय स्त्रियांना आपले वाटले. दाता आणि सेवक यांपैकी एकाच्याही अभावी ते पूर्ण झाले नसते.

पन्नास वर्षांच्या वाटचालीत कोणत्याही सेवाभावी संस्थेला दात्यांबरोबर असे कितीतरी अनाम सेवक लाभलेले असतात. रात्री उठून दार उघडणारे डॉक्टर, रुग्णाचे पाय पुसणाऱ्या परिचारिका, औषधाची चिठ्ठी समजावून सांगणारे कंपाउंडर यांची नावे स्मरणिकेच्या पानांवर क्वचितच येतात. डॉ. रखमाबाईंना अभिवादन करताना त्या सर्वांचेही कृतज्ञतापूर्वक स्मरण करू या. तापीच्या काठावर एका स्त्रीने लावलेला सेवेचा हा दीप आपल्याही अंगणात तेवत राहो, हीच या सुवर्णमहोत्सवी वर्षातील प्रार्थना.